पाण्याखालच्या फोटोंसाठी परवडणारा स्ट्रोब कसा निवडायचा? पैसे कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत?

तारकर्ली-मालवणला पहिल्यांदा स्कुबा करून आलेल्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये एक व्हिडिओ असतो. इन्स्ट्रक्टरने छोट्या अॅक्शन कॅमेऱ्याने काढलेला. घरी आल्यावर तो दाखवताना एक वाक्य हमखास ऐकू येतं, "प्रत्यक्षात मासे खूप रंगीत होते, यात तसे दिसत नाहीत." व्हिडिओत सगळंच निळसर-हिरवं झालेलं असतं. लाल कपडाही मळकट तपकिरी दिसतो.

यातल्या काहींना पाण्याची गोडी लागते. रीतसर कोर्स होतो, नेत्राणी किंवा अंदमानच्या फेऱ्या होतात, एक बरा कॅमेरा येतो आणि पाण्यात त्याला कोरडं ठेवणारी पेटी, म्हणजे हाऊसिंग येतं. तरी फोटो निळेच येतात. मग कुणीतरी सांगतं, "स्ट्रोब घे."

अडचण इथून सुरू होते. नावाजलेल्या कंपन्यांचे छोटे स्ट्रोब साधारण ४०० डॉलरच्या आसपास सुरू होतात, मोठे ७०० ते १,००० डॉलरपर्यंत जातात. भारतात मागवायचे तर वर आयात शुल्क आणि कर. दुकानात जाऊन हातात घेऊन बघण्याची सोय जवळजवळ नाही, आणि चुकीचा निघाला तर परत पाठवण्याचा खर्चही मोठा. म्हणून मागवण्याआधी नेमकं काय बघायचं, हे कळणं गरजेचं ठरतं.

थोडक्यात महत्त्वाचं

- तुमचा कॅमेरा स्ट्रोब पेटवू शकतो का, हे आधी तपासा. गोप्रोसारखे कॅमेरे पेटवू शकत नाहीत.
- जाहिरातीतला ताकदीचा आकडा बहुतेक वेळा हवेतला असतो. पाण्यात तो निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो.
- एक मीटरच्या आतून फोटो काढणाऱ्याला छोटा स्ट्रोब बहुतेक वेळा पुरतो.
- स्ट्रोबच्या किमतीत ट्रे, आर्म, क्लॅम्प, केबल, सेल आणि चार्जर धरून हिशेब करा.
- स्वस्त स्ट्रोबमध्ये मॅन्युअल नियंत्रण असेलच असं पाहा. टीटीएल नसलं तरी चालतं.

पाण्यात रंग का हरवतात?

सूर्यप्रकाशात सगळे रंग असतात. पाणी ते सारख्या प्रमाणात शोषत नाही. लाल रंग सगळ्यात आधी शोषला जातो, मग नारिंगी, मग पिवळा. निळा सगळ्यात लांब जातो. साधारण ५ मीटर खोलीवर लाल रंग बराचसा गेलेला असतो. १० मीटरच्या पुढे लाल वस्तू करडी किंवा काळपट दिसू लागते.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. प्रश्न फक्त खोलीचा नसतो, प्रकाशाने पाण्यातून एकूण किती अंतर कापलं याचा असतो. तुम्ही फक्त ३ मीटर खोल आहात, पण मासा तुमच्यापासून ४ मीटर दूर आहे, तर प्रकाश वरून ३ मीटर आणि माशापासून कॅमेऱ्यापर्यंत ४ मीटर, असा ७ मीटर पाण्यातून येतो. रंग गेलेलाच असतो.

स्ट्रोब हा प्रश्न सोडवतो, कारण तो पांढरा प्रकाश थेट माशाजवळ नेऊन देतो. पण त्यालाही तोच नियम लागू आहे. मासा ३ मीटरवर असेल तर स्ट्रोबचा प्रकाश जाताना ३ आणि येताना ३, असे ६ मीटर पाण्यातून जातो. म्हणजे कितीही महागडा स्ट्रोब लावला तरी लांबच्या माशाचे रंग परत येत नाहीत. १ मीटरवरच्या माशाचे येतात.

परवडणारा स्ट्रोब निवडताना पुढचे बहुतेक निर्णय या एका गोष्टीवरून ठरतात.

स्ट्रोब म्हणजे नक्की काय? टॉर्च का चालत नाही?

स्ट्रोब म्हणजे पाण्यात वापरायचा फ्लॅश. आत झेनॉन वायूची नळी असते आणि एक कॅपॅसिटर असतो. सेल हळूहळू कॅपॅसिटर भरतात, आणि फोटो काढताना ती सगळी ऊर्जा एका क्षणात नळीतून सोडली जाते. हा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वेळ टिकतो. तेवढ्या वेळात मासा आणि कॅमेरा धरलेला हात, दोन्ही जणू थांबलेले असतात. फोटो स्पष्ट येतो.

व्हिडिओ लाइट सतत पेटलेला असतो. व्हिडिओसाठी तोच हवा. पण एका फोटोपुरता मिळणारा त्याचा उजेड स्ट्रोबच्या तुलनेत फार कमी पडतो. फोटो हलतो किंवा आयएसओ वाढवावा लागतो. शिवाय डोळ्यांवर सतत झोत आला की बरेच मासे तोंड फिरवून निघून जातात.

हे तंत्र आलं तेही धोका पत्करून. फ्रान्सचे जीवशास्त्रज्ञ लुई बुताँ यांनी १८९३ मध्ये पाण्याखाली फोटो काढायला सुरुवात केली आणि उजेडासाठी मॅग्नेशियम जाळण्याचे प्रयोग केले. १९२६ मध्ये विल्यम लाँगली आणि 'नॅशनल जिओग्राफिक'चे छायाचित्रकार चार्ल्स मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळच्या समुद्रात पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले. त्यासाठी पाण्यावर तरंगणाऱ्या तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवली जायची. या कामात एका स्फोटात लाँगली यांना भाजलंही होतं. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीचे हॅरल्ड एजर्टन यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचं तंत्र विकसित केलं. १९५३ पासून त्यांनी जाक कुस्तो यांच्यासोबत समुद्रात काम केलं, आणि कुस्तोंच्या जहाजावरचे लोक त्यांना 'पापा फ्लॅश' म्हणायचे. आजचा स्ट्रोब त्याच तंत्रावर चालतो.

सगळ्यात आधी: तुमचा कॅमेरा स्ट्रोब पेटवू शकतो का?

पैसे वाया जाण्याचं मोठं कारण हेच असतं. स्ट्रोब आणि कॅमेऱ्याचं शटर एकाच क्षणी चालावं लागतं. त्यासाठी कॅमेऱ्याने स्ट्रोबला इशारा द्यायला हवा. तो तीन प्रकारे देता येतो.

*कॅमेऱ्याच्या स्वतःच्या फ्लॅशने.* कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश पेटतो, तो उजेड फायबर ऑप्टिक केबलमधून स्ट्रोबच्या सेन्सरपर्यंत जातो आणि स्ट्रोब पेटतो. ऑलिंपसचे टीजी-५, टीजी-६ आणि त्यानंतर ओएम सिस्टिम या नावाने आलेला टीजी-७, तसंच सोनीची आरएक्स१०० मालिका यात येते. हा सगळ्यात स्वस्त आणि बिनधोक मार्ग आहे. केबल हाऊसिंगच्या बाहेरून लागते, त्यामुळे पाणी शिरण्यासाठी नवं भोक पडत नाही. केबल तुटली तरी कॅमेरा सुरक्षित राहतो.

*एलईडी ट्रिगरने.* सोनीच्या ए७ मालिकेसारख्या अनेक कॅमेऱ्यांना स्वतःचा फ्लॅश नसतो. मग हाऊसिंगच्या आत, कॅमेऱ्याच्या हॉट-शूवर एक छोटा ट्रिगर बसवावा लागतो. तो वेगळा विकत घ्यावा लागतो आणि तुमच्या हाऊसिंगमध्ये त्याच्यासाठी जागा आहे का, हे आधी बघावं लागतं.

*विजेच्या केबलने.* ही जुनी पद्धत. वेगवान आणि भरवशाची असते, पण दोन्ही टोकांना पाणबंद जोड लागतात. जोडात पाणी शिरलं की गंज धरतो. कमी बजेटमध्ये नव्याने सुरुवात करणाऱ्याने या वाटेला जाण्याचं सहसा कारण नसतं.

गोप्रोसारख्या अॅक्शन कॅमेऱ्यांत बाहेरचा फ्लॅश पेटवण्याची सोयच नाही. मोबाइलसाठीच्या बहुतेक हाऊसिंगचंही तेच. मोबाइलमध्ये 'फ्लॅश' म्हणून असतो तो एलईडी दिवा, आणि त्याचा शटरशी मेळ स्ट्रोबला लागतो तितका अचूक नसतो. तुमच्याकडे फक्त गोप्रो असेल तर स्ट्रोबचा विचार सोडून द्या. लाल फिल्टर आणि एक चांगला व्हिडिओ लाइट हा खर्च उपयोगी पडेल.

गाइड नंबरचं गणित: ३२ म्हणजे २० पेक्षा किती जास्त?

स्ट्रोबची ताकद 'गाइड नंबर'मध्ये सांगतात. हा आकडा म्हणजे अंतर आणि अॅपर्चर यांचा गुणाकार. गाइड नंबर २० असेल तर आयएसओ १०० ला १ मीटरवरच्या वस्तूसाठी एफ/२० चालेल आणि २ मीटरवर एफ/१०.

पण जाहिरातीतला हा आकडा बहुतेक वेळा हवेत मोजलेला असतो. पाण्यात तो साधारण एक तृतीयांश ते निम्मा धरतात. पाणी जितकं गढूळ तितका आणखी कमी.

आता दोन स्ट्रोबची तुलना करू. एक गाइड नंबर २० चा, दुसरा ३२ चा. पाण्यात दोघांचा आकडा ४० टक्के धरला तर पहिला ८ आणि दुसरा सुमारे १३ होतो. छोट्या स्ट्रोबला १ मीटरवरून एफ/८ मिळतं. मोठ्या स्ट्रोबला २ मीटरवरून मिळतं जेमतेम एफ/६.४. म्हणजे मोठा स्ट्रोब घेऊन दोन मीटर लांब थांबलेल्या माणसापेक्षा छोटा स्ट्रोब घेऊन एक मीटरवर गेलेल्याला जास्त उजेड मिळतो. वर रंगही जास्त मिळतात आणि मधला गाळही निम्मा होतो.

छोट्या स्ट्रोबला अर्ध्या मीटरवरून एफ/१६ मिळतं. न्यूडिब्रँक, कोळंबी, छोटे खेकडे अशा विषयांचे क्लोज-अप याहून जवळूनच काढले जातात. तिथे पूर्ण ताकद वापरण्याची वेळच येत नाही.

मग मोठ्या स्ट्रोबचा उपयोग काय? पाठीमागे सूर्य ठेवून प्रवाळाची भिंत किंवा जहाजाचे अवशेष उजळायचे असतील, तर सूर्याशी बरोबरी करण्याइतका उजेड लागतो. ते काम छोट्याला जमत नाही. ३२ चा स्ट्रोब २० च्या तुलनेत सुमारे अडीच पट प्रकाश देतो, कारण ताकद आकड्याच्या वर्गाने वाढते. पण असे फोटो तुम्ही किती वेळा काढणार, हे स्वतःला विचारून बघा.

टीटीएल हवं की मॅन्युअल?

टीटीएलमध्ये कॅमेरा किती उजेड लागेल ते स्वतः ठरवतो आणि स्ट्रोब त्याची नक्कल करतो. मॅन्युअलमध्ये स्ट्रोबवरचा डायल फिरवून ताकद तुम्ही ठरवता. टीटीएल सोयीचं असतं, विशेषतः मासा जवळ-लांब होत असताना. पण त्याला मर्यादा आहेत. फ्रेममध्ये निळं पाणी जास्त असेल तर कॅमेरा फसतो आणि समोरचा मासा पांढराफटक होतो. साध्या एलईडी ट्रिगरवर टीटीएल चालतही नाही.

मॅन्युअल शिकायला दोन-तीन डाइव्ह पुरतात. एक फोटो काढा, स्क्रीनवर बघा, जास्त उजेड झाला तर डायल एक पायरी खाली घ्या. त्यामुळे स्वस्त स्ट्रोबमध्ये टीटीएल नसलं तर फारसं बिघडत नाही, पण मॅन्युअल नसलं तर बिघडतं. काही स्ट्रोब फक्त टीटीएलवर चालतात. उदाहरणार्थ, सी अँड सी कंपनीचा वायएस-०३. नवशिक्यासाठी तो सोपा असतो, पण पुढे फ्लॅश नसलेला कॅमेरा घेतला तर अडचण होते.

आणखी एक तपासायची गोष्ट म्हणजे प्री-फ्लॅश. अनेक छोटे कॅमेरे मुख्य फ्लॅशच्या आधी एक चाचणीचा फ्लॅश मारतात. स्ट्रोबला हे ओळखता आलं नाही तर तो आधीच पेटून मोकळा होतो आणि फोटो काळा येतो. 'प्री-फ्लॅशसाठी वेगळा मोड आहे का', हा प्रश्न विक्रेत्याला विचाराच.

एक घ्यावा की दोन?

क्लोज-अपसाठी एक पुरेसा असतो. एका बाजूने आलेल्या उजेडामुळे दुसऱ्या बाजूला सावली पडते आणि विषयाला उठाव येतो. सावली फार गडद वाटली तर स्ट्रोब लेन्सच्या वर आणून थोडा पुढे झुकवला की काम होतं.

वाइड अँगल लेन्ससाठी प्रकाशाचा कोनही तितकाच रुंद लागतो. साधारण १०० अंशांचा स्ट्रोब बऱ्याच लेन्सना चालतो. कोन कमी असेल तर डिफ्यूझर लावून वाढवता येतो, पण त्यात थोडी ताकद जाते. फिशआय लेन्ससाठी मात्र दोन स्ट्रोबच लागतात.

त्यामुळे बजेट मर्यादित असेल तर एक छोटा स्ट्रोब घेऊन सुरुवात करावी आणि गरज वाटली तर तोच आणखी एक घ्यावा. दोन सारखे छोटे स्ट्रोब मिळून दुप्पट प्रकाश देतात आणि तो दोन बाजूंनी मिळतो. एक बिघडला तर सहल वाया जात नाही, हा फायदा वेगळाच.

सेल कोणते आणि रिसायकलचा वेळ किती?

एकदा पेटल्यावर पुन्हा पेटायला तयार होईपर्यंतचा वेळ म्हणजे रिसायकल टाइम. पूर्ण ताकदीवर तो साधारण दीड ते तीन-चार सेकंद असतो. निम्म्या किंवा पाव ताकदीवर तो झपाट्याने कमी होतो.

परवडणारे अनेक स्ट्रोब एए आकाराच्या चार पेन्सिल सेलवर चालतात. हा त्यांचा मोठा फायदा आहे. खास बनावटीचा बॅटरी पॅक पाच वर्षांनी मिळेल याची खात्री नसते, पेन्सिल सेल मात्र कुठेही मिळतात. नेहमीच्या अल्कलाइन सेलऐवजी रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे एनआयएमएच सेल घ्यावेत. त्यांच्यावर व्होल्ट १.५ ऐवजी १.२ लिहिलेले असले तरी ते एका वेळी जास्त करंट देऊ शकतात, त्यामुळे स्ट्रोब लवकर भरतो. चारही सेल एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले आणि एकत्र चार्ज केलेले असावेत. जुने-नवे मिसळू नयेत.

लिथियम-आयन सेलवर चालणारे स्ट्रोबही मिळतात. ते हलके असतात, पण विमानप्रवासात सुटे लिथियम सेल चेक-इन बॅगेत ठेवता येत नाहीत. ते सोबतच्या बॅगेतच न्यावे लागतात.

खरा खर्च किती? स्ट्रोब सोडून काय काय लागतं?

स्ट्रोब नुसता घेऊन काहीच करता येत नाही. तो कॅमेऱ्यापासून दूर धरायला लागतो. त्यासाठी पुढच्या वस्तू लागतात:

- हाऊसिंगच्या खाली बसणारा ट्रे आणि हँडल
- दोन तुकड्यांचा आर्म आणि ते जोडणारे क्लॅम्प
- फायबर ऑप्टिक केबल आणि हाऊसिंगला ती अडकवण्याचा अडॅप्टर
- सेलचे दोन संच आणि चांगला चार्जर
- जादा ओ-रिंग आणि सिलिकॉन ग्रीस

हे सगळं मिळून छोट्या स्ट्रोबच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतं. पैसे इथे वाचवता येतात. फोमचे तरंगते तुकडे, ट्रे आणि आर्म साध्या कंपनीचे घेतले तरी चालतं, फक्त आर्मच्या टोकाचा गोळा १ इंचाचा असावा. तो सर्वमान्य आकार आहे, त्यामुळे पुढे कोणताही स्ट्रोब त्यावर बसतो. ओ-रिंग मात्र त्याच कंपनीची आणि त्याच मॉडेलची घ्यावी. आकारात थोडा फरक असला तरी पाणी शिरू शकतं.

गढूळ पाण्यात स्ट्रोब कसा लावावा?

कोकण किनाऱ्यावर, गोव्याच्या ग्रँडे आयलंडजवळ पाण्यात गाळ आणि प्लवक बरंच असतं. अंदमानसारखी नितळ दृश्यता रोज मिळत नाही. इथे स्ट्रोब चुकीचा लावला तर फोटोत बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके येतात. याला बॅकस्कॅटर म्हणतात. धुक्यात गाडीचा वरचा दिवा लावला की समोर पांढरी भिंत दिसते, तसाच हा प्रकार.

लेन्स आणि मासा यांच्यामधल्या पाण्यावर उजेड पडला की तिथले कण चमकतात. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश लेन्सला चिकटून असल्यामुळे हे सगळ्यात जास्त होतं. म्हणून तो झाकून, फक्त केबलमधून जाऊ द्यायचा.

स्ट्रोब लेन्सपासून बाजूला न्यावा आणि लेन्सच्या रेषेच्या किंचित मागे ठेवावा. त्याचं तोंड थेट माशाकडे न वळवता थोडं बाहेरच्या बाजूला ठेवावं. झोताची फक्त कड माशावर पडायला हवी. मग मधलं पाणी अंधारात राहतं आणि ठिपके कमी होतात. हे साधायला लांब आर्म उपयोगी पडतो, ताकदवान स्ट्रोब नाही. गढूळ पाण्यात जास्त ताकद म्हणजे जास्त चमकणारा गाळ.

बाजारात काय बघावं?

*छोटे आणि साधे.* इनॉन या जपानी कंपनीचा एस-२००० हा या वर्गातला ओळखीचा स्ट्रोब. गाइड नंबर २०, चार पेन्सिल सेल, टीटीएल आणि मॅन्युअल दोन्ही. असे स्ट्रोब तळहातात मावतात. टीजी-६ किंवा आरएक्स१०० सोबत जोडीला चांगले.

*मोठे.* इनॉन झेड-३३० आणि सी अँड सी वायएस-डी३ या वर्गातले. दोन्हींचा गाइड नंबर ३३. वाइड अँगलचं काम गंभीरपणे करणाऱ्यांसाठी. स्लोव्हेनियाची रेट्रा आणि अमेरिकेची आयकेलाइट या कंपन्यांचे स्ट्रोब याच्याही वरच्या किमतीला जातात.

*चिनी कंपन्यांचे.* सीफ्रॉग्ससारख्या कंपन्या कमी किमतीत हाऊसिंग आणि स्ट्रोब देतात. घेताना वॉरंटी किती, दुरुस्तीला कुठे पाठवायचा आणि ओ-रिंग सुटी मिळते का, हे विचारून घ्यावं.

खोलीच्या आकड्यावर जादा पैसे घालू नयेत. अनेक स्ट्रोब १०० मीटरपर्यंत चालतात असं सांगितलं जातं. हौशी डायव्हिंगची मर्यादाच ४० मीटर आहे आणि पहिल्या कोर्सनंतर १८ मीटरपर्यंतच जाता येतं.

जुना स्ट्रोब घ्यावा का?

घ्यावा, पण तपासून. निम्म्या किमतीत चांगला स्ट्रोब मिळण्याचा हाच मार्ग आहे.

- बॅटरीचा कप्पा उघडा. हिरवट-पांढरी पूड किंवा गंज दिसला तर आत कधीतरी पाणी गेलेलं आहे.
- ओ-रिंग बसते ती खाच बोट फिरवून बघा. ओरखडा किंवा खड्डा नको.
- पूर्ण ताकदीवर सलग दहा-पंधरा वेळा पेटवून बघा. मध्येच पेटायचा थांबला किंवा भरायला फार वेळ घेऊ लागला, तर सोडून द्या.
- नळीची टोकं फार काळवंडली असतील तर तो बराच वापरलेला आहे.
- तुमच्या स्वतःच्या कॅमेऱ्याला आणि केबलला जोडून चाचणी घ्या.

विक्रेता ही चाचणी व्हिडिओ कॉलवर दाखवायलाही तयार नसेल, तर किंमत कितीही कमी असो, तो व्यवहार टाळलेला बरा.

काळजी कशी घ्यायची?

ओ-रिंगवर अडकलेला एक केस किंवा वाळूचा एक कण स्ट्रोब बुडवायला पुरतो. सेल बदलताना अंग आणि केस कोरडे करा, ओ-रिंग काढून पुसा, ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा. जास्त ग्रीस लावलं तर त्यालाच वाळू चिकटते. डाइव्हनंतर स्ट्रोब अर्धा तास गोड्या पाण्यात ठेवा आणि पाण्यातच डायल आणि बटणं फिरवा, म्हणजे आतलं मीठ निघेल. घरी ठेवताना सेल काढून ठेवा. महिन्या-दोन महिन्यांनी सेल घालून काही वेळा पेटवा, त्याने कॅपॅसिटर ठणठणीत राहतो. कोकणात पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं तेव्हा हे हमखास विसरलं जातं.

दोन धोके लक्षात ठेवा. बॅटरीच्या कप्प्यात खारं पाणी गेलं तर सेलमधून वायू निघून आत दाब तयार होऊ शकतो. असा कप्पा उघडताना झाकण तोंडाकडे नको, कुणाकडेच नको, आणि ते अगदी हळू फिरवावं. दुसरं, स्ट्रोबचा मुख्य भाग स्वतः खोलू नये. कॅपॅसिटरमध्ये साधारण ३०० व्होल्ट असतात आणि सेल काढल्यावरही ते काही काळ टिकतात.

फ्लॅशचा माशांना त्रास होतो का?

यावर ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात आला. समुद्रघोडे आणि तळाशी राहणाऱ्या इतर माशांवर फ्लॅशचा परिणाम त्यात तपासला होता. डायव्हर जवळ असण्याने जितका परिणाम होतो, त्याहून वेगळा मोठा परिणाम फ्लॅशचा दिसला नाही. डोळ्यांना इजाही आढळली नाही. खरा त्रास दिसला तो माशांना हात लावण्याचा, हलवण्याचा.

म्हणून फोटोसाठी प्राण्याला ढकलून जागेवर आणणं हे फ्लॅशपेक्षा वाईट. भारतात प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मालवणच्या समुद्राचा काही भाग तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. हातात कॅमेरा आणि लांब आर्म असताना फिन कुठे लागतात याकडे दुर्लक्ष होतं आणि प्रवाळ तुटतं. पाण्यात एका जागी स्थिर तरंगता येत नसेल तर आधी तो सराव करावा. स्ट्रोबचे पैसे सहा महिने बाजूला ठेवून त्यात आणखी काही डाइव्ह केल्या, तर प्रवाळही वाचेल आणि फोटोही सुधारतील.

मग कुणी काय घ्यावं?

फक्त गोप्रो किंवा मोबाइल असेल तर स्ट्रोब घेऊ नका, व्हिडिओ लाइट घ्या.

टीजी-६, टीजी-७ किंवा तत्सम छोटा कॅमेरा असेल तर गाइड नंबर २० च्या आसपासचा, मॅन्युअल नियंत्रणाचा, पेन्सिल सेलवर चालणारा एक स्ट्रोब, फायबर ऑप्टिक केबल आणि दोन तुकड्यांचा आर्म. बहुतेक हौशी लोकांसाठी हा संच अनेक वर्षं पुरतो.

फ्लॅश नसलेला मोठा कॅमेरा असेल तर आधी ट्रिगरची सोय बघा आणि मग स्ट्रोब ठरवा. वाइड अँगल हाच मुख्य उद्देश असेल तर एका महागड्या स्ट्रोबऐवजी दोन मध्यम स्ट्रोबचा हिशेब करून बघा.

आणि यातलं काहीच सध्या परवडत नसेल तरी एक उपाय फुकट आहे. उथळ पाण्यात, सूर्य पाठीशी ठेवून, विषयाच्या अर्ध्या मीटरपर्यंत हळूहळू जा आणि मग फोटो काढा. निम्मे रंग तेवढ्यानेच परत येतात.